चाकाखालचं लिंबू

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

बंगळूरच्या हेब्बाळ भागातल्या एका कंपनीच्या आवारातून आयुधपूजेच्या, म्हणजे यंत्रं नि गाड्या पुजायच्या दिवशी महागडी यंत्रसामग्री व्हॅनमधून लंपास झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "गेटवरच्या नव्या मुलीनं गाडी सोडली, तिलाच धरा." निपाणीकडची ही मुलगी नुकतीच सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाली होती. पहिलीच नोकरी. चोरीचा शिक्का बसला असता, तर पुन्हा कुठल्याही गेटवर तिला कुणी उभं केलं नसतं.

चौकशीला तिचे वरिष्ठही सोबत आले. न विचारता बोलणारा माणूस दिसला की माझे कान टवकारतात. हे तर बसायच्या आधीच सुरू झाले, "सर, गाडी आमचीच. सकाळी पूजेच्या रांगेत होती. आतला माल हिनं बघायला हवा होता."

मी मुलीला मराठीत विचारलं, तेव्हा तिनं मान वर केली.

"गाडी मी सोडली, साहेब. ती चूक माझीच. नंबरावर हळद-कुंकू फासलं होतं, मी पुसायला सांगितलं. तर हे सर म्हणाले, सणाचा दिवस हाय, स्वल्प अड्जस्ट माडी, जरा चालवून घे."

पूजेनंतर चाकाखालचं लिंबू चिरडून गाडी पुढे काढायची, ही इथली रीत. वरिष्ठांच्या डोळ्याला डोळा भिडवून ती म्हणाली, "पण ती गाडी पूजेला न्हवती. नवी म्हणून लिंबं ठेवायचं काम माझ्याकडं होतं. एकेका चाकापाशी मीच वाकले."

पूजेचे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलवर असतातच. मागवले. वरिष्ठांपुढे ठेवून म्हणालो, "व्हॅन कुठे उभी आहे, बोट ठेवा."

बोट हवेतच राहिलं. एकाही फोटोत ती व्हॅन नव्हती, शेवटी गृहस्थांनीच पत्ता सांगितला. येलहंक्याच्या गोदामात माल जसाच्या तसा सापडला, आणि तो निनावी फोनही त्यांचाच निघाला.

पोलिसी नोकरीत धाडसी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण आपली चूक आधी सांगून मग स्वतःच्याच वरिष्ठाविरुद्ध खरं बोलणारी ती एकटीच. मला तिचा फार अभिमान वाटला.

माझ्या निवृत्तीनंतर एका आयुधपूजेला तिनं बोलावलं. आता गेटची प्रमुख तीच, तरी लिंबं ठेवत फिरत होती.

"अगं, हाताखाली एवढी माणसं आहेत की!"

"असू देत, साहेब," चाकाखालूनच ती म्हणाली. "हितनं नंबर चांगला दिसतोय."