खडू लागलेले हात

शारजातल्या अल मजाजला आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, परदेशी प्रवेशांचं एक ऑफिस आहे. तिथले रत्नागिरीकडचे क्लार्क कुणाचाही अर्ज घेण्याआधी तो ज्या विद्यापीठ-विभागात जायचा, त्याचा इतिहास वाचून दाखवतात. माझ्या लेकीचा अर्ज पोलंडमधल्या शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यापीठात जायचा होता. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "हा शिक्षणशास्त्राचा विभाग आधी मानसशास्त्राबरोबर एकत्र नांदत होता. मग वेगळा झाला, पण भांडून नाही. घराणं चांगलं आहे, माशाल्ला. मुलगी द्यायची तर चौकशी नको, साहेब?"

मी घड्याळ बघत होतो. एसीच्या डक्टची ड्रॉइंग पास करणारा मी मोठा मॅनेजर, मला इतिहासाला वेळ कुठला? शिवाय 'मला शिक्षक का व्हायचंय' हे लेकीचं पत्र मी स्वतः तीन सुट्ट्या घालवून लिहिलं होतं आणि त्यावर बेहद्द खूश होतो.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "'लहानपणी फळा पुसताना हातांना लागलेला खडू मी अजून विसरले नाही.' साहेब, शारजात हिनं खडू पाहिला कुठे?"

"आय टोल्ड हिम," माझ्यामागे उभी असलेली लेक म्हणाली.

त्यांनी तिला कोरा कागद दिला आणि मला उठवून माझी खुर्चीही दिली. माझं पत्र मात्र त्यांनी फाडलं नाही. नीट घडी घालून माझ्या हातात ठेवलं. "हे खरं आहे, साहेब. तुमच्या नावानं पाठवू या का?"

मी मोठ्यानं हसलो. मग हळूच वयाची अट विचारली.