काकांचे एकतीस खडे

माझे काका साबण करतात. चाळीस वर्षं तेल आणि कॉस्टिक सोडा शिजवून त्यांची बोटं इतकी तयार झालीत की वडी नुसती चिमटीत दाबून ते तिची खोट सांगतात. मी त्यांची पुतणी. वड्यांवर शिक्के मारते आणि दिवसभर त्यांचं शहाणपण ऐकते. त्यामुळे त्यांनी जे केलं ते चारचौघांत सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

दिवसभर उपाशी राहायचं आणि संध्याकाळी तळणावर तुटून पडायचं, ही काकांची जेवणाची रीत. शेवटी उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की ते साबणाच्या कढईशेजारीच आडवे झाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पित्ताशय काढून टाकू. एखादा खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, ताप येईल, जिवावरही बेतेल. त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली.

तारीख ऐकताच काकांचं धाबं दणाणलं. कुणा शेजाऱ्याने खडे पाडायचा उपाय सांगितला, आणि हे गृहस्थ पेलाभर तेलात लिंबाचा रस घालून ते गटागटा प्यायले. दुसऱ्या दिवशी पोटातून हिरवे, मऊ गोळे पडले. एकतीस. काकांनी ते धुतले, कसे ते विचारू नका, बरणीत भरले आणि घरोघर मिरवले. मग ऑपरेशन नको असं सांगायला बरणी घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी बरणी पाहिली आणि सांगितलं की हे खडे नाहीतच, प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झालाय. चाळीस वर्षं साबण केलेल्या माणसाला ही बाई साबण शिकवणार? काका तणतणत घरी आले.

काकू घरामागच्या कारखान्यात साबणाची कढई ढवळत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने बरणीतला एक गोळा काढून काकांच्या तळहातावर ठेवला. बोटं काही मालकाचं ऐकत नाहीत. काकांनी गोळा दाबला, चोळला, गरम पाण्याखाली धरला. तो विरघळून गेला.

"कच्चा आहे," काका म्हणाले. "तेल जास्त झालंय."

मला हसू फुटत होतं, पण काकूने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं.  खरे खडे अजून पोटातच होते, हे काकांना कळलं होतं. ते तिथेच पोत्यावर बसले. एवढ्या तोऱ्याचा माणूस असा बसलेला पाहून मला फार वाईट वाटलं.

"मला भीती वाटते," ते काकूला म्हणाले. "ऑपरेशनमधून उठलोच नाही तर? कारखाना कोण बघणार?"

"मी. एरवी तुमच्या बिघडलेल्या कढया कोण सुधारतं?" काकूने आच बंद केली आणि हात पुसले. "कारखान्याचं सोडा. मला एकटीला जेवायची सवय नाही. उठा."

काका उठले आणि स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.