पातेल्यावरचं नाव

साल दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. तेव्हा मी जे केलं ते घरात कुणाला ठाऊक नाही, वस्तीत नाही, आणि जिला ठाऊक व्हायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो. का सांगतो, ते विचारू नका. मला वाटलं, सांगतो.

मी चौथी शिकलो. म्हणजे चौथीच्या वर्गात बसलो. वाचता येतं, पण बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून. त्याची मला लाज नाही. वारूळवाडीत आमच्या वस्तीचा विहार बांधला तेव्हा पायाचे दगड ह्या खांद्यावर आले. आजही वस्तीत लग्न ठरलं की माणसं आधी माझ्या ओट्यावर येतात. हे मी मिरवायला सांगत नाही — बरं, मिरवायलाच सांगतोय. मिरवलं म्हणून बिघडलं काय?

तर सूनबाईनं, रेश्मानं, घरात कॉम्प्युटर आणला आणि जुने अल्बम सगळे त्यात भरले. त्याच्यात एक गंमत. फोटो उघडला की त्यातली अक्षरं मशीन आपलं आपण हुडकतं. दुकानाची पाटी असो, एस्टीचा बोर्ड असो, त्यावर निळा पट्टा येतो आणि तेच शब्द बाजूला मोठे, स्वच्छ दिसतात. मला लई आवडलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी वाचून ठेवत होतं, आणि वर हसत नव्हतं. दुपारच्या दुपार मी तिथं बसायचो.

"तात्या, नवरी बघा की," रेश्मा म्हणायची. "मंडपवाल्याचा बोर्ड काय वाचत बसलाय?"

कधी तिलाच त्या निळ्या पट्ट्यांचा वैताग यायचा. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या दातऱ्या चाकावर जायची, एक बटण दाबायची, की मशीन मुकं. पुन्हा दाबलं की वाचायला लागायचं. मी बघून ठेवलं होतं. कशाला बघून ठेवलं? तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मग शोभाचा फोन आला. शोभा माझी भाची; आणे गावात दिलेली माझी धाकटी बहीण तानू, तिची मुलगी. तानू आदल्या वर्षी गेली. शोभा म्हणाली, मामा, उद्या येते. तुमच्या थोरल्या पोराच्या लग्नातला आईचा फोटो तुमच्याकडं हाय म्हणं. आणि आई सांगायची ते विहाराचं पातेलंबी त्यात दिसतंय का, ते बघायचंय.

फोन ठेवला आणि तो फोटो उघडला. स्वयंपाकाच्या मांडवात तानू उभी, हात पातेल्याच्या काठावर. शेजारी माझी बायको — आता ती पण नाही — कशाला तरी खदखदून हसतेय. आणि पातेल्याच्या पोटावर निळा पट्टा. बाजूला स्वच्छ अक्षरं: तानूबाई, आणे, यांजकडून विहारास.

आता आलोच आहे तर सगळं ऐका.

ते तांब्याचं थोरलं पातेलं. वस्तीत कुणाचंही लग्न असो, मयतीनंतरचं पुण्यानुमोदन असो, भात त्याच्यातच शिजतो. तानूनं दिलं होतं, स्वतः पोटाला चिमटा घेऊन. नाव टोचून घेतलं होतं टिकल्या टिकल्यांनी, भांड्यावर घालतात तसं. पुढं आबा, आमचे वडील, वारले. जमिनीला वारसांची नावं लागली. बहिणी हक्कसोडीची सही देतात, आपल्याकडं तशी रीतच आहे. तानूनं दिली नाही. माझ्या, भावाच्या तोंडावर, तलाठ्याच्या समोर म्हणाली, माझा बाप नव्हता का? तिनं सही दिली नाही — मी पातेल्यावरचं तिचं नाव काढून टाकलं. पातेल्याला चीर गेली होती. ती दुरुस्त करायच्या निमित्तानं जुन्नरला भांडीवाल्याकडं नेलं. तिचं नाव ठोकून घासून सपाट करून घेतलं आणि माझं घातलं.

आजही मला वाटतं, तिनं सही द्यायला हवी होती. तुम्हाला नसेल पटत तर नका पटवून घेऊ.

पण एवढंच असतं तर मी सांगायला बसलो नसतो. बऱ्याच वर्षांनी तानू एका लग्नाला आली. पातेलं पाहिलं. बायकांत म्हणाली, हे माझं हाय. बायकांनी माझ्याकडं बघितलं. तानूनंही बघितलं. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर? मी म्हणालो, "तानूचं डोकं आताशा ठिकाणावर नसतं. जेवायला वाढा तिला."

हसल्या सगळ्या. तानू जेवली. पान टाकलं नाही तिनं. त्यानंतर ती वारूळवाडीला आली नाही. आण्यातही ही गोष्ट पोचली. मरेपर्यंत लोक तिला विचारायचे, काय तानूबाई, पातेलं सापडलं का?

तर तो फोटो समोर होता. पुसून टाकता आला असता. पण बायको हसत होती त्यात. तिचा तसा दुसरा फोटो नाही. मी दातऱ्या चाकावर गेलो. बोट ठेवून वाचलं — फो-टो-त-ला म-ज-कू-र आ-पो-आ-प ओ-ळ-खा. बटण दाबलं. निळा पट्टा गेला. पातेलं नुसतं पातेलं झालं. टिकल्या तिथंच होत्या, नीट बघितलं तर दिसतील अशा. पण लग्नाच्या फोटोत भांड्याकडं बघतंय कोण?

रेश्माला सांगितलं, मशीन बिघडलंय, वाचत नाही, हात लावू नको. ती कामात होती. बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा आली. जयभीम मामा म्हणून पाया पडली. मी तिला खुर्ची दिली, स्वतः फोटो उघडला. ती किती तरी वेळ आईच्या तोंडाकडंच बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, पातेलं ह्येच का?"

"सारखीच असत्यात सगळी," मी म्हणालो. "भाड्याचं असंल मंडपवाल्याचं."

"विहारात आत्ता बघून आले. तिथल्यावर तर तुमचं नाव हाय."

"माझंच हाय ते."

तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हंजी लोक म्हणायचं तेच खरं," ती म्हणाली. "आईचं डोकंच फिरलं व्हतं."

माझा हात उंदरावरच होता, कॉम्प्युटरच्या. ते दातरं चाक एवढं जवळ.

"व्हय पोरी," मी म्हणालो, आणि फोटो बंद केला.