एकटेपणावरचा दिवा

रेल्वेतून निवृत्त झालेले रविकांतराव तमिळ मुलखात अड्यारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. कुणाला चांगलं म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या लेखी शेजारी बावळट, कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं सांबार पाणचट आणि मुलगा कॅनडात जाऊन आणखीच बिनडोक झालेला. अशा माणसाचा एकटेपणा घालवायला डिझाइन कॉलेजने पोरं पाठवली, म्हणजे कॉलेजच्याही अकलेची कमालच म्हणायची.

पोरांनी आधी त्यांना पिवळ्या चिठ्ठ्यांवर भावना लिहायला लावल्या. मग एक दिवा आणला. आजोबांनी त्यावर टकटक केली की जोडीदार विद्यार्थ्याच्या खोलीतला जुळा दिवा उजळणार आणि दोन पिढ्या जवळ येणार! फोन नावाची वस्तू या दीडशहाण्यांच्या कानावर आली नसावी, असं रविकांतरावांना वाटलं.

पण त्यांची जोडीदार होती पुण्याची रुचा. दर गुरुवारी ती दिवा तपासायला यायची आणि जेवूनच जायची. चिंचगुळाची आमटी भुरकत त्यांच्याशी तावातावाने भांडायची. बायको, विद्युलता, गेल्यापासून त्या घरात मराठीत कुणी भांडलं नव्हतं. गुरुवारी सकाळी उठल्या उठल्या ते चिंच भिजत घालू लागले.

परीक्षक घरी आले तेव्हा रुचाचं तोंड सुकलं होतं. आपल्याकडे जेवणाऱ्या पोरीचा चारचौघांत पाणउतारा करायचा नाही, एवढी रीत या खडूस माणसालाही होती.

"या दिव्यामुळे माझा एकटेपणा गेला," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणाची स्तुती केली, आणि तीही साफ खोटी.

प्रकल्प यशस्वी ठरला. यशस्वी प्रकल्पाकडे पुन्हा कोण फिरकतं? पुढच्या गुरुवारी रुचा आली नाही, नंतरही नाही. आमटी दोन दिवस पुरू लागली. फोन करून 'ये' म्हणायला ताठा आडवा येत होता, म्हणून शेवटी रविकांतरावांनी त्या भिकार दिव्यावर टकटक केली. मग रोजच करू लागले.

नव्या वर्षी नवी तुकडी आली. तिच्यातल्या अमोघने कौतुकाने सांगितलं, की रुचाताई शिकून बंगळुरूला गेली, पण तिचा दिवा कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवलाय. रोज उजळतो, पाहुणे टाळ्या वाजवतात.



"दिवा कुचकामी आहे," रविकांतराव म्हणाले. "मला फार एकटं वाटतं. तू गुरुवारी जेवायला येत जा."

अमोघने मान डोलावली आणि टॅबवर लिहिलं : दिव्यात सुधारणा हवी.