ठेक्याच्या केसभर मागे

शुक्रवारी दुपारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत मयूरा लॅबमधून बाहेर आली, मास्क खाली ओढला, इअरफोन घातले आणि बँडमधल्या कुमारने पाठवलेलं गाणं लावलं. पहिल्याच ओळीला तिने गाणं थांबवून परत सुरुवातीपासून लावलं. आवाज तिचा होता, पण गाणं तिचं नव्हतं.

वेस्टमीडच्या त्या लॅबमध्ये ती दिवसभर कोविडचे स्वॅब तपासायची. पण कुणी विचारलं तर सांगायची, मी गाते. पुण्याहून परदेशात शिकायला आलेली ही मुलगी नऊ वर्षांपूर्वी पॅरामाटाच्या एका पबमध्ये आजारी गायिकेच्या जागी उभी राहिली आणि सोल-फंक या नाचऱ्या पाश्चात्त्य संगीताचीच झाली. त्या गाण्यात ड्रम सरळ चालतो आणि गाणारी त्याच्या केसभर मागे रेंगाळते. पुण्यात गाण्याच्या क्लासमध्ये ती अशी रेंगाळली की बाई टाळी थांबवून डोळे वटारायच्या. इथे त्याच सवयीवर लोक नाचायला उठले.

मग कोविड आला. पब उघडले तेव्हाही नियम असा, की बिअर प्या, पण गाणं-नाचणं बंद. त्यात २०२१चा लॉकडाऊन. बास गिटारवाला क्वीन्सलँडला निघून गेला. ड्रमर कुमारने बजावलं होतं, "रेडिओवाले एक गाणं घेतायत. शुक्रवारी पाचपर्यंत गेलं तर बँड आहे. नाहीतर मी ड्रम विकतो, मेट."

म्हणून सगळ्यांनी घरूनच आपापला भाग रेकॉर्ड केला. मयूराने रविवारी कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या गर्दीत उभं राहून. फाइल नवऱ्याच्या लॅपटॉपवर होती.

तिने नवऱ्याला फोन लावला. "शंतनू, गाण्याला काय केलंस?"

"आवडलं ना?" तो खुशीत. "अगं, प्रत्येक शब्द चाळीस-पन्नास मिलिसेकंद उशिरा येत होता. एकशे बारा ठिकाणी! सगळे ओढून बीटवर बसवले आणि कुमारला पाठवलं. बुधवारच्या मीटिंगा म्यूट करून तेच करत होतो."

"अरे, ते मुद्दाम असतं!"

"मुद्दाम?"

"आधीची फाइल पाठव."

पलीकडे माउसचे दोन-तीन क्लिक ऐकू आले. "तिच्यावरच सेव्ह केलं गं."

"ऑफिसात तीन-तीन बॅकअप ठेवतोस, आणि बायकोच्या गाण्याचा एकही नाही?"

तेवढ्यात कुमारचा मेसेज आला: 'गाडीतला रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह गातोय असं वाटतंय. तरी पाठवून देऊ?'

'नको,' तिने लिहिलं. 'पाचपर्यंत थांब.'

तीनला शिफ्ट संपली. घरी गाणं शक्य नव्हतं. वरच्या फ्लॅटमधली नर्स नाइट ड्यूटी करून झोपलेली. म्हणून लॅबशेजारच्या हॉस्पिटलच्या कार पार्कचा सगळ्यात वरचा मजला. शंतनू मायक्रोफोन आणि लॅपटॉप घेऊन चालत आला आणि तिच्या गाडीत मागच्या सीटवर बसला. आठ तासांच्या मास्कने तिचा घसा कोरडा पडला होता. पहिल्यांदा वरच्या सुरावर आवाज फाटला. दुसऱ्यांदा गार्डने काच ठोठावली, "यू ओके, लव्ह?" तिने अंगठा दाखवला. पाय स्वस्थ राहत नव्हता, नुसता क्लचवर दबत होता.

"कानात ठेक्याची टिकटिक लावून देऊ?" शंतनूने भीतभीत विचारलं.

"हात लावू नकोस कशालाही."

पावणेपाचला तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली. आरशात तिला शंतनूचं बोट दिसत होतं. गुडघ्यावर ते दोघांच्या इअरफोनमधल्या ड्रमबरोबर पडायचं आणि तिचा शब्द त्यानंतर यायचा. प्रत्येक वेळी तो दचकायचा. दुसऱ्या कडव्यात ते बोट हवेतच थांबलं, तिच्या शब्दाची वाट बघत. शेवटच्या ओळीवर खाली एक व्हॅन बीप-बीप करत मागे आली. तेही रेकॉर्ड झालं.

शंतनूचा हात कीबोर्डकडे गेला. "हा बीप तेवढा..." मग त्याने हात मागे घेतला. "राहू दे?"

"राहू दे. पाठव."

पाचला सहा मिनिटं कमी होती. पाच मिनिटांत कुमारचं उत्तर आलं: 'आता ही आमची मयूरा. गाण्यात बसवून पुढे धाडलं.'

रेडिओवर लागेल की नाही, ते सोमवारी कळणार होतं. उद्या पुन्हा सकाळची शिफ्ट. मयूराने किल्लीला हात लावला, काढला, परत लावला. गाडी काही सुरू केली नाही.

"निघायचं ना?" शंतनूने विचारलं.

"थांब," ती म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा गायला लागली.

मागच्या सीटवर शंतनू आताच्या फाइलची तिसरी कॉपी करत होता.