म्हणून दाखवा, व्याहीबुवा

आभाळाची काळजी करावी तर आमच्या इवाईंनीच. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, राहणार यवतमाळ. ढग आला की बाकीच्यांच्या डोक्यावरून जातो, यांच्या डोक्यात शिरून बसतो. असा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही, आणि असला तरी तो माझा इवाई होऊ नये. एकच मला पुरून उरला आहे.

नोकरी त्यांनी एका मोठ्या शहरात केली, महानगरपालिकेत. तिथे म्हणे पाऊस सांगणारे एका इमारतीत, नाल्याचं पाणी मोजणारे दुसरीत, हवेतला धूर पाहणारे तिसरीत, आणि दवाखानेवाले, बंबवाले आणखी कुठे. ढग एकच, पण प्रत्येक खातं त्याची वेगळी गोष्ट सांगायचं, आणि वस्तीतला माणूस कोणाचं ऐकू म्हणता म्हणता कोणाचंच ऐकायचा नाही. मग साहेब लोकांनी सगळ्यांना एका खोलीत आणून बसवलं आणि ठरवलं, की इथून बाहेर जाईल ते एकच सांगणं जाईल. आमचे इवाई त्या खोलीत फोनवर. वस्तीच्या चौकीला सांगायचं, आणि समोरच्यानं ते परत म्हणून दाखवलं तरच सांगितलं असं धरायचं. एकदा कोणीतरी नुसतं ‘हो हो’ म्हणून फोन ठेवला होता. पुढे काय झालं ते इवाईंनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की चष्मा पुसत बसतात.

निवृत्त होऊन यवतमाळला आले ते ती खोली सोबत घेऊनच आले. आमच्या ईनबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गच्चीवर पापड घालायचे असले की इवाई आधी ऊन विचारात घेतात, मग वारा, मग समोरच्या रस्त्याची धूळ, मग ईनबाईंचा गुडघा. “ऊन तयार आहे, वारा तयार आहे, पण धूळ आणि गुडघा नाही म्हणतात. चौघांचा मिळून एकच निर्णय, पापड उद्या.” ईनबाई म्हणतात, “पापड कोण लाटले, तुम्ही का धुळीनं?” आणि जिना चढतात. चढताना त्यांनाही म्हणावं लागतं, “तिसरी पायरी ओली आहे, भिंतीला धरून जाईन.” त्याशिवाय हा माणूस जिन्यातून हलत नाही. दूधवाला दूध घालतो आणि “आज लू आहे, डोक्याले दुपट्टा बांधीन” असं म्हणून दाखवतो, तेव्हा त्याला भांडं परत मिळतं. लेकीच्या लग्नात मंडपवाल्याकडून त्यांनी वाऱ्याचा निरोप इतक्यांदा म्हणवून घेतला, की अक्षता पडताना तो सवयीनं “दोर आवळतो, दोर आवळतो” करत होता.

हे सगळं यवतमाळात चाललं होतं तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. आमचं गाव नेरच्या पलीकडे, आणि गावात आभाळ माझ्याकडे होतं. शाळा मी चौथीत सोडली, पण पाऊस येतो की नाही हे विचारायला शिकलेली माणसंसुद्धा माझ्या ओट्याखाली चपला काढत. “दादाजी, उद्या फवारा मारू का?” मी दारव्ह्याच्या बाजूला पाहायचो, तंबाखू मळायचो, समोरच्याला थोडं ताटकळू द्यायचो आणि म्हणायचो, “येते.” किंवा, “येत नाही.” बस. बहुतेक वेळा खरं व्हायचं. न झालं तर चूक ढगाची.

मग जावयानं त्याच्या बापाला आमच्या गावच्या फोनच्या ग्रुपात घातलं. माझ्या आयुष्यात वैऱ्यानं केलं नाही ते जावयानं केलं. इवाई नुसतं ‘येते’ म्हणून थांबत नाहीत ना. पाऊस येईल, म्हणून नाल्याला पाणी येईल, म्हणून बैलबंडी अलीकडे सोडा; विजा आहेत, म्हणून बायांना झाडाखाली बसवू नका; उकाडा आहे, म्हणून फवारा सकाळीच मारा, तोंडाला फडकं बांधा. सगळं एका दमात, आणि खाली, ‘म्हणून दाखवा.’ आणि आमच्या गावची माणसं, ज्यांनी कधी मास्तरला धडा म्हणून दाखवला नाही, ती फोनवर म्हणून दाखवू लागली. माझ्या ओट्याखाली फक्त माझ्या चपला राहिल्या. पानठेल्यावर गजानन मला तोंडावर म्हणाला, “दादाजी, तुमचे इवाई लय बारीक सांगून राह्यले हो.” त्या दिवशी मी तिथलं पान थुंकून घरी आलो.

तर सोयाबीन कापणीचे दिवस. मी वावरात, कापलेल्या पिकाची गंजी लागलेली, बाया कापत होत्या. फोन वाजला.

“व्याहीबुवा, विजा येतात. वावराच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली थांबू नका. गंजी झाका, बायांना घेऊन घरी जा. म्हणा.”

“ऐकलं.”

“ऐकलं नाही, म्हणा.”

बाया विळे थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. माझंच वावर, माझाच निंब, आणि मी शाळेतल्या पोरासारखा म्हणून दाखवू? “कायले म्हणू? मले का डोळे नाहीत?” म्हणालो आणि फोन बंद करून टाकला. ढग मला त्यांच्या आधी दिसला होता. गंजी मी माझ्या अकलेनं झाकली, बायांना माझ्या अकलेनं घरी पाठवलं आणि माझ्या अकलेनं घरी येऊन भजे खात बसलो. बाहेर पाऊस असा, की समोरचं घर दिसेना. तेवढ्यात गजानन पोतं पांघरून दारात आला.

“दादाजी, तुम्ही इथं भजे खाऊन राह्यले, अन् तुमचे इवाई तिकडे वावरात तुम्हाले हाका मारून राह्यले.”

मी म्हणून दाखवलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या हिशेबात त्यांनी सांगितलंच नव्हतं. एसटीनं नेरला उतरले, तिथून ऑटो केला, आणि ज्या विजेपासून मला लांब ठेवायचं तिच्याखाली उघड्या वावरात उभे राहून मला शोधत होते. मी तसाच धावलो. एक वीज नाल्यापलीकडे पडली तेव्हा माझे पाय मातीतून निघेनात. इवाई गंजीशी वाकून ताडपत्रीखाली पाहत होते, मी तिथे दडलो असेन म्हणून. चष्म्यावरून पाणी वाहत होतं. मला पाहिलं आणि म्हणाले, “म्हणा.”

“निंबाखाली थांबणार नाही. चला न घरी आता.”

“गंजी?”

“झाकली. दिसते ना डोळ्यानं.”

“बाया?”

“घरी गेल्या, इवाई.”

तेव्हा ते हलले. घरी येऊन माझं धोतर नेसून माझ्या वाटणीचे भजे खाल्ले.

त्या पावसानं त्यांचा कान गेला. तसं त्यांनीच फोनवर सांगितलं. तेव्हापासून निरोप ग्रुपात नाही, थेट मला येतो. कुजबुजल्यासारखा सांगतात आणि म्हणतात, “म्हणा. मोठ्यानं. ऐकू येत नाही.” मी म्हणतो. “अजून मोठ्यानं.” मग मी ओट्यावर उभा राहून ओरडतो, “नाल्याले पाणी येते, बंडी अलीकडे सोडा.” अख्खी गल्ली ऐकते. जुंपलेले बैल सुटतात, बायांचे दोरीवरचे कपडे निघतात. ओट्याखाली परत चपला दिसू लागल्या. “दादाजी, आज काय म्हणता?”

दिवाळीला लेक आली तेव्हा मी विचारलं, “तुह्या सासऱ्याच्या कानाले दवा केली का नाही?”

“कोणत्या कानाले, बाबा?” ती म्हणाली. “मी स्वयंपाकघरात हळूच म्हटलं, साखर संपली, त मामाजी बैठकीतून पिशवी घेऊन निघतात.”

आभाळ त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं याचा हेवा मी उघड केला, अजूनही करतो. पण हेही त्यांनाच सुचावं? माझ्या गावात माझा ओटा मला परत द्यायचा, तोही असा, की मला आभारसुद्धा मानता येऊ नयेत. त्या दिवसापासून मी त्यांच्या कानाची चौकशी करत नाही, आणि आवाजही कमी करत नाही.

आज दारव्ह्याकडून ढग चढला आहे. मला चांगला दिसतो. गजानन खाली चपला काढून बसला आहे, “येते का हो?” विचारतो. येतो हे मला माहीत आहे. पण फोन मांडीवर आहे, इवाईंचं वय झालं आहे, आधी त्यांनी सांगावं, आणि फोन वाजेपर्यंत मी ‘येते’ म्हणत नाही.