आत्याने पाणी उकळलं

माझी आत्या एकतीस वर्षं इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं उकळायच्या कामावर होती. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ती ‘उकळलीय का?’ याच नजरेने बघते. ती आमच्याकडे राहायला येणार म्हटलं की आई आधी प्लॅस्टिकचे डबे लपवते.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तिला काचेच्या टाकीसकट एक सोनेरी मासा दिला. आत्याने लग्न केलं नाही. माशाला मात्र ती ‘चिरंजीव’ म्हणू लागली आणि पंधरा दिवसांत त्याच्यात पार गुंतून गेली.

एका रविवारी सकाळी तिचा रडवेल्या आवाजात फोन आला. चिरंजीव वर येऊन नुसती तोंडाची उघडझाप करतोय म्हणाली. मी आणि बाबा धावतच गेलो. आत्या घड्याळ घेऊन टाकीसमोर बसली होती आणि माशाचे कल्ले किती वेळा हलतात ते मोजत होती. मिनिटाला एकशे चाळीस.

“पाणी आत्ताच बदललंय गं,” ती म्हणाली. “वीस मिनिटं उकळून, झाकून गार केलेलं. याहून शुद्ध काय देऊ?”

मी मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला, मग त्याने समजावलं. मासा तोंडाने पाणी आत घेतो, कल्ल्यांवरून बाहेर सोडतो आणि जाता जाता त्यात विरघळलेली हवा कल्ले टिपून घेतात. उकळलं की ती हवा बुडबुड्यांतून निघून जाते. चिरंजीव पाण्यात राहून गुदमरत होता. आता पाणी उंचावरून ओतत राहायचं, म्हणजे हवा परत मिसळते.

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला, पण ती लगेच स्टुलावर चढली. टाकीतलं पाणी तांब्याने काढून मी वर द्यायचे, ती ते बाबांच्या बादलीत सोडायची आणि बाबा हळूच टाकीत परत ओतायचे. खोलीत तळं साचलं. बाबांनी कंबर दुखते म्हणून कुरकुर केली, तर त्यांना तिथेच दटावलं गेलं.

तासाभराने आत्याने पुन्हा मोजलं. एकशे दहा, थोड्या वेळाने नव्वद. चिरंजीव खाली गेला आणि तळाचे खडे चोखू लागला.

आत्याने काचेला गाल लावला. हसतही होती, रडतही होती. “चुकलं रे माझं, बाळा,” म्हणाली.

बाबा बादली धरून तसेच उभे राहिले. “ताई,” ते म्हणाले, “सत्तावन्न वर्षं मी हे ऐकायची वाट बघतोय. आणि म्हणालीस ते माशाला?”